रूपलीचं नाव परत घे

तळोदे, ता. ८ एप्रिल १९३८

चि. रतिलाल यास कोकिळेचे आशीर्वाद.

तुझी डाकीण माझ्या पडवीत बसली आहे. चहा दिला तर घेत नाही, आत ये म्हटलं तर येत नाही. मी शाळेतून येईपर्यंत अंगण झाडून ठेवते आणि पुन्हा भिंतीला टेकून बसते. तुला ती आठवते की नाही मला ठाऊक नाही, म्हणून सांगते. होळीच्या आधी तू वर डोंगरात आंबापाड्यावर राहिलास, तेव्हा रोज तुला भाकरी करून घालणारी, इंद्रसिंगची बायको रूपली. परत जाताना माझ्याकडे उतरलास तेव्हा तूच तिचं कौतुक करत होतास, की असा हात मुंबईच्या एका खानावळीत नाही.

बडव्याने सगळं डोळ्यांसमोर करून दाखवलं, आता प्रबंधाचं शेवटचं प्रकरण झोकात होणार, असंही तू म्हणाला होतास. काय करून दाखवलं ते मात्र सांगितलं नाहीस. ते मला आता रूपलीकडून आणि इंद्रसिंगकडून कळलं. तिची बोली मला अर्धीच कळते, पण जेवढं कळलं तेवढं पुरे आहे.

बाज्या बडवा, म्हणजे त्यांचा भगत, आधी नाहीच म्हणाला होता. पाड्यात कोणी आजारी नाही, मग डाकीण कोणासाठी शोधू, असं त्याने तुला विचारलं. तू म्हणालास, मी आजारी आहे, माझं पोट दुखतं. खरंच दुखत होतं की प्रबंधासाठी दुखत होतं, ते तुझं तुला माहीत. मग त्याने पळसाच्या द्रोणात पाणी घेतलं आणि नावं मागितली. नावं आजाऱ्याने द्यायची असतात, ज्या बायकांच्या हातचं त्याने खाल्लं-प्यालं त्यांची. तुला ज्यांची नावं माहीत होती त्यांची तू दिलीस. एकेका नावाला भाताचा एकेक दाणा. बाकीचे बुडाले, रूपलीचा तरंगत राहिला. तू खूश होऊन बाज्याच्या पाठीवर थाप मारलीस आणि त्याला तंबाखू दिलीस. सकाळी निघताना सुरुपसिंग कारभाऱ्याने विचारलं, पोट कसं आहे? तू म्हणालास, एकदम बरं वाटतं आता.

अरे शहाण्या, तुला ते प्रात्यक्षिक वाटलं. कॉलेजात काचेच्या नळीत रंग बदलून दाखवतात तसं. त्या लोकांत हे कोणी गंमत म्हणून करत नाही. साऱ्या पाड्यासमोर नाव दिलं गेलं, दाणा तरंगला आणि आजारी माणूस सकाळी उठून चालू लागला. त्यांच्या लेखी डाकीण सापडली आणि पाहुण्याने जाता जाता साक्षही दिली.

तू गेलास आणि झऱ्यावर बायका तिला पाहून हंडे उचलायला लागल्या. होळीला तिला कोणी जवळ उभं केलं नाही. मग कोणाचं वासरू मेलं, कोणाच्या पोराला ताप आला, आणि इंद्रसिंगच्या भावांनी त्याला सांगितलं की ही इथे राहिली तर आम्ही राहणार नाही. बाजाराच्या दिवशी तोच तिला घेऊन खाली आला आणि मुंबईवाल्याची बहीण, शाळेची बाई कुठे राहते, असं विचारत माझ्या दाराशी उभा राहिला. चांगला थोराड माणूस, पण बोलता बोलता रडला. मुलगी फुली त्याच्याजवळ आहे. तिची सोयरीक ठरली होती, आता पोराकडचे लोक मागे सरले आहेत. डाकिणीची लेक कोण घरात घेईल?

उपाय आहे. सुरुपसिंगने इंद्रसिंगजवळ निरोप पाठवला आहे. ज्याने नाव दिलं त्याने पाड्यात यायचं, पंचांसमोर तिच्या हातचं पाणी प्यायचं आणि मी दिलेलं नाव मी परत घेतो असं तोंडाने म्हणायचं. एवढंच. दंड नाही, बोकड नाही. तू रेल्वेने नंदुरबारला ये, मी गाडी पाठवते. पावसाळ्याआधी ये, नंतर नाले भरले की वर जाता येत नाही.

आई खुशाल आहे. परवा गावी गेले होते तर तुझं लग्न कधी करायचं हेच चाललं होतं. तू येणार म्हणून तिला अजून सांगितलं नाही, तुझं पत्र आलं की सांगेन.

तुझी बेन
कोकिळा

तळोदे, ता. १९ जून १९३८

चि. रतिलाल यास आशीर्वाद.

तुझं पत्र आणि त्यासोबतचा इंग्रजी कागद मिळाला. तू लिहितोस, प्रबंध द्यायची मुदत जवळ आली आहे, साहेब रजा देत नाहीत, म्हणून सध्या येणं जमत नाही. पण हा कागद पंचांना वाचून दाखव, काम होईल. खाली तुझी सही, वर कॉलेजचं नाव. फार छान अक्षर आहे.

मी तो घेऊन वर गेले. शाळेला सुट्टी होती आणि पाऊस उघडला होता. वाटेत एक नाला उतरताना वहाण वाहून गेली, बाकी सुखरूप पोचले. सुरुपसिंगने खाट टाकून बसायला दिलं. मी कागद वाचला, मग मराठीत सांगितला, मग त्यांच्यातल्या एकाने त्यांच्या बोलीत सांगितला. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. सुरुपसिंगने कागद हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला आणि परत दिला. त्याचं म्हणणं असं, की नाव कागदाने दिलं नव्हतं, तोंडाने दिलं होतं. ज्या तोंडाने दिलं ते तोंड इथे आलं पाहिजे. नोकरीत आहे, रजा नाही, असं मी तुझ्या वतीने सांगितलं. तर बाज्या म्हणाला, नाव द्यायला तेव्हा रजा कशी मिळाली होती? मला लाज वाटली. तुझ्यामुळे वाटली, म्हणून तुलाच कळवते आहे.

तू लिहितोस पोलिसांत जा, सरकारचा कायदा आहे. फौजदार पाड्यात जाऊन कोणाला पकडणार? तिला कोणी मारलं नाही, टांगलं नाही, डोळ्यांत मिरची घातली नाही. कंपनी सरकारच्या काळातले कागद शोधून तू मला लिहायचास ना, त्यांत असायचं तसं काही झालेलं नाही. फक्त तिच्याशी कोणी बोलत नाही आणि तिने शिवलेलं पाणी ओततात. यावर कायद्यात कलम असेल तर कळव.

आणि पत्राच्या शेवटी ते प्रश्न! मी दोनदा वाचले, मला वाटलं दुसऱ्या कोणाचे चुकून पाकिटात आले. रूपलीला स्वप्नात उडल्यासारखं वाटतं का. स्वतः डाकीण असल्याची तिला कधी शंका येते का. नाव पडल्यावर तिच्या मनात कोणाचं वाईट व्हावं असं आलं का. 'बेन, अशी साक्ष युरोपातसुद्धा फार थोड्यांच्या हाती लागली आहे, हळूच विचार.' रतिलाल, ती पोरीच्या आठवणीने रात्रंदिवस कुढते आहे आणि तुला तिची स्वप्नं हवीत.

मी नाही विचारलं. तुझं पत्र आलंय एवढं तिला सांगितलं, तर तिने विचारलं, त्याचं पोट आता दुखत नाही ना? हे मात्र तुझ्या प्रकरणात खुशाल घाल.

ती आता माझ्याकडे दळण-पाणी करते. शेजारची दगूबाई कुंपणावरून विचारत होती, ''बाई, हाई कोण शे तुमना घर?'' मी म्हटलं, पाहुणी. किती दिवसांची पाहुणी ते मला सांगता येईना. दसऱ्याच्या सुट्टीत तरी ये. मी रागावले आहे, पण आलास तर एक अक्षर बोलणार नाही.

कोकिळा

तळोदे, ता. ४ नोव्हेंबर १९३८

रतिलाल यास,

दसरा झाला, दिवाळी झाली. आईने तुझ्यासाठी काढून ठेवलेला फराळ मऊ पडला, तो गड्यांच्या पोरांना वाटला. तुझं दोन ओळींचं कार्ड पोचलं. प्रबंध दिला, आनंद झाला.

फुलीच्या होणाऱ्या सासऱ्याने निरोप पाठवला आहे. पोरगा दुसरीकडे बघायला तयार नाही, म्हणून ते लोक वैशाखापर्यंत थांबतील. तोवर आईवरचं नाव निघालं तर लग्न, नाही तर नाही. रूपलीला हे कळल्यापासून ती रोज टपालवाल्याच्या वेळेला दारात येऊन उभी राहते. तिला वाचता येत नाही, पाकीट बघून माझ्या तोंडाकडे बघते.

आणखी काही लिहायचं नाही.

कोकिळा

तळोदे, ता. १३ फेब्रुवारी १९३९

रा. रा. रतिलाल चुनीलाल यांस,

सा. न. वि. वि.

आपल्याला पदवी मिळाल्याचं समजलं. आपण स्वतः कळवलंत त्याआधी बाजारात समजलं. लोटनशेठ किराणेवाले नंदुरबारला माल भरायला गेले होते. ते सांगत आले, ''बाई, तुमना भाऊनं काय व्याख्यान दिधं! सगळा लोक रडी ऱ्हायंतात.''

मी म्हटलं, कुठे? मुंबईला? तर नाही, नंदुरबारला. वाचनालयात. हार घातले, वर्गणी काढून शाल दिली, आणि तुम्ही विलायतेत जाळलेल्या बायकांवर बोललात. एका म्हातारीला तिच्या मांजरामुळे कसं धरलं, एकीला पाण्यात बुडवून कसं पाहिलं, की बुडाली तर निर्दोष आणि तरंगली तर चेटकीण. डाकिनी म्हणजे मूळची देवीची सखी, पुढे पुराणिकांनी आणि कथाकारांनी तिची राक्षसीण कशी केली, तेही सांगितलंत. समाजाच्या अज्ञानाला ह्या अबला बळी पडल्या, असं म्हणताना तुम्ही डोळे पुसलेत, असं लोटनशेठ म्हणतात. खोटं नसणार. लहानपणी कोंबडी कापताना पाहूनही तू दोन दिवस जेवत नसायचास.

नंदुरबारपर्यंत आलास आणि परत गेलास. पलीकडे तापी उतरली की मी होते. वर एक दिवसाची चाल. लोकांनी हार घातले तेव्हा वेळ होता. तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या गोऱ्या बायकांसाठी रडायला वेळ होता. मला कळवलंसुद्धा नाहीस, म्हणजे तुला पक्कं ठाऊक होतं की कळवलं तर यावं लागेल.

मग तुझा बांधलेला प्रबंध टपालाने आला. माझं इंग्रजी जेमतेम, म्हणून कचेरीतल्या रामसिंग कारकुनाला बोलावून शेवटचं प्रकरण मराठीत सांगायला लावलं. त्यात पाड्याचं नाव बदललं आहेस, बाज्याचं बदललं आहेस. रूपलीचं फक्त पहिलं अक्षर ठेवलंस. बाज्याने नावं मागितली ते आहे, दाणा तरंगला ते आहे. नावं कोणी दिली ते नाही. 'रुग्णाने' दिली असं आहे. रामसिंगने विचारलं, हा रुग्ण कोण? मी म्हटलं, असेल कोणी तिथला.

बघ, मी अजून तुझी लाज राखते आहे. का राखते ते मलाही कळत नाही. बाबा गेल्यावर मी बांगड्या विकून तुझी फी भरली, हे मी कधी तोंडाने काढलं नव्हतं. आज काढते, कारण मला तुझा फार राग आला आहे. तू काय शिकतोस असं कोणी विचारलं की मी छाती पुढे काढून सांगायची, माझा भाऊ जगातल्या साऱ्या डाकिणींचा इतिहास लिहितो. आता तो इतिहास माझ्या घरात भांडी घासतो.

प्रबंध कपाटात ठेवला आहे. रूपलीने जाड पुठ्ठा पाहून विचारलं, यात काय आहे? मी खोटं सांगितलं, देवाचं पुस्तक आहे. तिने हात जोडले.

वैशाखाच्या आत ये. हे तिसऱ्यांदा आणि शेवटचं सांगते. यायचं नसेल तर तसं स्पष्ट लिही, कारणं लिहू नकोस.

कोकिळा

तळोदे, ता. २ मे १९३९

कै. रतिलाल यास,

वरचं अक्षर चुकून पडलेलं नाही. तुझं पत्र मला चैत्रात मिळालं. तू विलायतेला जाण्याच्या खटपटीत आहेस, जहाज ठरतं आहे, तिथे एका परिषदेत याच विषयावर बोलायचं आहे. परत आलास की 'नक्की' आंबापाड्याला जाऊ. दोन वर्षांनी. फुलीला दोन वर्षं थांबायला सांगू? मी ते पत्र चुलीत घातलं आणि दुसऱ्या दिवशी रूपलीला घेऊन वर गेले.

तिला पाड्याबाहेर महूच्या झाडाखाली बसवलं. मी एकटी सुरुपसिंगकडे गेले. म्हटलं, माझा भाऊ येत नाही. त्याची पाठची बहीण नव्हे, थोरली बहीण मी, त्याला खांद्यावर वाढवला. त्याच्या वतीने मी पाणी पिते, मी नाव परत घेते. पंच आपसात बोलले. मग सुरुपसिंगने माझ्या तोंडाकडे न बघता सांगितलं, की देणारा जिवंत असताना दुसऱ्याचं तोंड चालत नाही. तो मेला असेल तर मात्र त्याच्या रक्ताच्या माणसाला त्याचं दिलेलं परत घेता येतं. बहिणीलाही येतं.

बाज्या माझ्याकडे बघत होता. इंद्रसिंग खाली मान घालून होता, आणि फुली झोपडीच्या दारात उभी होती. आईसारखीच उंच आहे. मला वाटतं त्यांतल्या शहाण्या माणसांना काय ते कळलं होतं, पण सांगायचं मलाच होतं.

मी म्हटलं, ''माझा भाऊ मेला.''

सुरुपसिंगने विचारलं, ''कधी?''

''या होळीच्या आधी. पोटाच्या दुखण्याने.''

मग ते सगळं झालं जे मेलेल्या माणसासाठी करतात. बायकांनी मला नदीवर नेलं, तुझ्या नावाने आंघोळ घातली. परत आणून मध्ये बसवलं आणि सगळ्या रडायला लागल्या. रूपलीला महूखालून बोलावलं, तीही रडली, आणि तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, तिला ते खरंच वाटलं. तुला भाकरी घालताना तू हसून काय काय बोलायचास, ते सांगून ती रडत होती. मी ठरवून गेले होते की थोडं सोंग आणू. आणावं लागलं नाही. लहानपणचं सगळं आठवलं, तापीच्या वाळूत खरबुजाच्या वाडीत तू हरवला होतास तेही आठवलं, आणि मला आवरेना. पुरुषांनी तुझ्या नावाने दारूची धार जमिनीवर सोडली. तू आयुष्यात शिवला नाहीस, आता प्यालास.

मग रूपलीने भोपळ्याच्या तुंब्यातून माझ्या ओंजळीत पाणी घातलं. मी प्याले. साऱ्या पाड्यासमोर म्हटलं, माझ्या मेलेल्या भावाने दिलेलं नाव मी परत घेते. बाज्याने द्रोणातलं पाणी ओतून द्रोण फाडला. झऱ्यावर जिने सगळ्यांत आधी हंडा उचलला होता ती बाई पुढे आली आणि रूपलीच्या हातचं पाणी प्याली. इंद्रसिंगचे भाऊ प्याले. फुली मात्र पाणी प्यायला नाही आली, ती तशीच आईच्या गळ्यात पडली. तिचं लग्न परवा झालं. रूपली तिच्या घरी आहे. माझी पडवी मोकळी झाली, आता अंगण मी झाडते.

डोंगरातली बातमी बाजाराच्या दिवशी खाली येते, म्हणून त्याआधी मी गावी गेले आणि आईला सगळं खरं खरं सांगितलं. तुझ्या प्रबंधाचं, नंदुरबारच्या व्याख्यानाचं, पाण्याचं. मी म्हटलं, माय, तो जिता आहे, मुंबईत मजेत आहे, फक्त इकडच्या लोकांसाठी गेला. ती खूप वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, ''मंग आते तो येवाव नही ना?''

मी म्हटलं, नाही येणार. ती उठून गोठ्यात गेली, मी तिच्या मागे गेले नाही.

हे सगळं तुला का लिहिते ते सांगते. तू इकडे कुठे दिसलास तर माझा शब्द खोटा ठरेल. मग नाव परत घेतलेलंही खोटं, आणि रूपलीवर ते पुन्हा पडेल. या वेळी फुलीच्या सासरीही पोचेल. तेव्हा नंदुरबारच्या वाचनालयाने पुन्हा बोलावलं तर नाही म्हण. सुरतेहून इकडच्या आगगाडीने कधी गेलास तर आमच्या स्टेशनांवर खाली उतरू नकोस. आईला भेटायचं झालं तर मला लिही, मी तिला मुंबईला घेऊन येईन. ती हो म्हणेल की नाही ते माहीत नाही.

वर्षभर मी तुला ये, ये म्हणून लिहीत होते. आता येऊ नकोस. एवढं तरी तुला जमेल.

कोकिळा